एका बटणात बदलणाऱ्या नोंदी

संगणकाच्या पडद्यावर अर्जाच्या कागदासारखी दिसणारी चौकट असते, तिला फॉर्म म्हणतात. त्या फॉर्मच्या तळाशी एक बटण असते. ते दाबले की डेटाबेसमधील एक, शंभर किंवा लाखभर नोंदी काही क्षणांत बदलतात. पतसंस्थेतील व्याजाची आकारणी, शाळेतील मुलांची पुढच्या वर्गातील नोंद, दुकानातील मालाच्या दरवाढीचे काम आणि गृहनिर्माण संस्थेच्या देखभाल शुल्काची वाढ या सर्वांमागे बहुधा अशीच एक आज्ञा असते. तिला ‘अपडेट क्वेरी’ असे म्हणतात. क्वेरी या शब्दाचा अर्थ प्रश्न असा असला तरी अपडेट क्वेरी काहीच विचारत नाही. ती सांगते आणि डेटाबेस मुकाट्याने ऐकतो.

एक उदाहरण घेतले म्हणजे ही गोष्ट नीट कळेल. ८४ सदनिकांची एक गृहनिर्माण संस्था आहे, तिच्या अ आणि ब अशा दोन इमारती आहेत. ब इमारतीत नवी लिफ्ट बसली, म्हणून तेथील ४२ सदस्यांचे मासिक शुल्क दहा टक्क्यांनी वाढवायचे आहे. कागदी खतावणीच्या काळात कारकुनाने ४२ पाने उलटून ४२ आकडे खोडले असते. डेटाबेसला मात्र एकच वाक्य पुरते: सदस्यांचा तक्ता घे, शुल्क या रकान्यातील रक्कम १.१ ने गुण, पण इमारत ‘ब’ असेल तेथेच. वाक्याच्या या शेवटच्या तुकड्याला ‘व्हेअर’ म्हणतात. हा तुकडा लिहायचा राहिला तर डेटाबेस कोणतीही तक्रार करत नाही. तो ८४ जणांचे शुल्क वाढवून मोकळा होतो.

या निमूट आज्ञाधारकपणाचे मूळ १९७० साली मांडल्या गेलेल्या एका कल्पनेत आहे. आयबीएममधील गणितज्ञ एडगर कॉड यांनी त्या वर्षी ‘रिलेशनल’ पद्धतीचा प्रबंध प्रसिद्ध केला. माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवावी आणि एकेक नोंद शोधत फिरण्याऐवजी नोंदींच्या संपूर्ण संचावर एकदम काम करावे, असे त्यांचे म्हणणे होते. १९७४ साली आयबीएममधीलच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी या विचाराला ‘सीक्वेल’ नावाची भाषा दिली. ते नाव एका ब्रिटिश विमान कंपनीने आधीच नोंदवलेले असल्यामुळे पुढे ‘एसक्यूएल’ एवढेच उरले. १९८६ साली अमेरिकेत तिला प्रमाण भाषेचा दर्जा मिळाला. आज मोबाईलमधील लहानशा अ‍ॅपपासून बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत सर्वत्र हीच भाषा चालते. संचावर एकदम काम करण्यातच तिचे बळ आहे आणि तिचा धोकाही तेथेच आहे.

अ‍ॅक्सेसमधील बटण

कार्यालयात बसून स्वतःच्या हाताने फॉर्म आणि बटण तयार करण्याची सोय सामान्य माणसाला सर्वाधिक प्रमाणात कोणी दिली असेल तर ती मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसने. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. लहान संस्था, दवाखाने, छापखाने, शाळा यांच्या कपाटातील संगणकांवर त्याच्या फायली अजूनही चालू आहेत. एका फाईलची मर्यादा २ गिगाबाइटची असली तरी ८४ सदनिकांच्या संस्थेला ती कित्येक पिढ्या पुरेल.

अ‍ॅक्सेसमध्ये नोंदी बदलणाऱ्या क्वेरींना ‘अ‍ॅक्शन क्वेरी’ म्हणतात. त्या चार प्रकारच्या असतात: बदलणारी, भर घालणारी, पुसणारी आणि नवा तक्ता बनवणारी. क्वेरी तयार करून तिला नाव देऊन ठेवायचे, फॉर्मवर बटण काढायचे आणि त्या बटणाच्या ‘ऑन क्लिक’ या घटनेशी ती क्वेरी जोडायची, एवढाच हा खटाटोप. जोडणीसाठी मॅक्रो वापरता येतो किंवा व्हिज्युअल बेसिकमध्ये दोन ओळी लिहिता येतात. पण त्या दोन ओळी कोणत्या, यावर बरेच काही अवलंबून असते.

‘ओपन क्वेरी’ आणि ‘रन एसक्यूएल’ हे दोन मार्ग अ‍ॅक्सेसच्या पडद्यामार्फत जातात. त्यामुळे बटण दाबल्यावर अ‍ॅक्सेस स्वतःच थांबून सांगतो की, इतक्या ओळी बदलल्या जाणार आहेत आणि हा बदल मागे घेता येणार नाही. ४२ ऐवजी ८४ हा आकडा दिसला तर सावध माणूस तेथेच ‘नाही’ म्हणतो. काही नोंदी बदलता येत नसतील, म्हणजे त्या दुसऱ्याने अडवून ठेवल्या असतील किंवा एखाद्या नियमात बसत नसतील, तर तेही अ‍ॅक्सेस संख्येसह सांगतो. हा संवाद थोडा कटकटीचा असला तरी अतिशय उपयुक्त आहे.

नेमका तोच बंद करण्याची प्रथा पडली आहे. ‘सेट वॉर्निंग्ज’ ही आज्ञा ‘फॉल्स’ केली की सर्व इशारे गप्प होतात आणि काम कसे झटपट, सुबक झाल्यासारखे दिसते. पण या आज्ञेने केवळ विचारणा थांबत नाही, काही नोंदी बदलल्याच नाहीत ही तक्रारही गिळली जाते. शिवाय इशारे बंद करणारी ओळ आणि ते पुन्हा चालू करणारी ओळ यांच्या मध्ये कोठे चूक झाली व कार्यक्रम अडखळला, तर दुसरी ओळ चालतच नाही. मग अ‍ॅक्सेस बंद करेपर्यंत ते सत्र इशाऱ्याविना राहते. त्याच दुपारी कोणी हाताने एखादी पुसणारी क्वेरी चालवली तरी पडद्यावर चकार शब्द उमटत नाही. शिकवणीच्या असंख्य पुस्तिकांनी ही ओळ वर्षानुवर्षे उतरवून घेतली, हे त्या पुस्तिकांचे श्रेय म्हणता येणार नाही.

तिसरा मार्ग अधिक चांगला आहे. ‘करंट डीबी’ मार्फत ‘एक्झिक्यूट’ ही आज्ञा थेट डेटाबेस इंजिनाकडे जाते. ती काहीच विचारत नाही, त्यामुळे इशारे बंद करण्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र तिच्यासोबत ‘डीबी फेल ऑन एरर’ हा पर्याय दिलाच पाहिजे. तो दिला नाही तर ज्या नोंदी बदलता आल्या नाहीत त्या गुपचूप वगळल्या जातात आणि बाकीच्या बदलतात. हा पर्याय दिला तर चूक उघड होते आणि झालेला बदल मागे घेतला जातो. काम संपल्यावर ‘रेकॉर्ड्‌स अफेक्टेड’ या गुणधर्मातून किती नोंदी बदलल्या हे समजते. येथे एक बारकावा आहे. ‘करंट डीबी’ प्रत्येक वेळी नवा संदर्भ तयार करून देतो. त्यामुळे आधी तो एका चलात साठवावा आणि त्या चलाकडेच आज्ञा व संख्या दोन्ही मागाव्यात. अन्यथा ४२ नोंदी बदलूनही उत्तर शून्य येते आणि कारकून बटण पुन्हा दाबतो.

‘एक्झिक्यूट’कडे वळणाऱ्यांना पहिल्याच दिवशी एक अडचण भेटते. साठवलेल्या क्वेरीत फॉर्मवरील रकान्याचा उल्लेख असेल, उदाहरणार्थ इमारतीचे नाव फॉर्ममधून घ्यायचे असेल, तर ‘ओपन क्वेरी’ तो उल्लेख समजून घेते. डेटाबेस इंजिनाला मात्र फॉर्म म्हणजे काय हेच ठाऊक नसते. ते ३०६१ क्रमांकाची चूक दाखवून, अपेक्षित मूल्य मिळाले नाही असे सांगते. त्यावर उपाय म्हणजे क्वेरीत ‘पॅरामीटर’ ठेवणे आणि बटणाच्या ओळींमधून त्याचे मूल्य पुरवणे. हा उपाय अधिक टंकलेखनाचा आहे, पण पुढे येणाऱ्या कित्येक दुखण्यांवर तोच औषध ठरतो.

फॉर्म स्वतः त्याच तक्त्याला जोडलेला असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. वापरणाऱ्याने रकान्यात नवा आकडा टाकला आणि नोंद जतन होण्याआधीच बटण दाबले, तर क्वेरी जुन्याच आकड्यावर काम करते. त्यानंतर फॉर्म आपली नोंद जतन करू लागला की दोघांची गाठ पडते आणि लेखनसंघर्षाचा इशारा येतो. म्हणून क्वेरी चालवण्यापूर्वी फॉर्मचा ‘डर्टी’ हा गुणधर्म ‘फॉल्स’ करून नोंद जतन करून घ्यावी आणि क्वेरीनंतर फॉर्म ताजा करावा. तो ताजा केला नाही तर पडद्यावर जुने आकडे तसेच राहतात आणि ‘बटण चालत नाही’ अशी तक्रार येते.

डिसोझा, तारखा आणि रिकामे रकाने

फॉर्ममधील मजकूर आज्ञेच्या वाक्यात जसाच्या तसा चिकटवून क्वेरी तयार करणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत वाईट रीत. वसई किंवा गोव्यातील कार्यालयांना याचा अनुभव फार लवकर येतो. रोमन लिपीत डिसोझा किंवा डिसिल्वा ही आडनावे लिहिताना ‘डी’ नंतर वर एक स्वल्पचिन्ह येते. एसक्यूएलमध्ये मजकुराची सुरुवात आणि शेवट त्याच चिन्हाने दाखवतात. त्यामुळे पहिल्या अक्षरानंतरच मजकूर संपला असे डेटाबेसला वाटते आणि उरलेले आडनाव त्याला आज्ञेचा भाग भासते. अर्थातच त्याला त्याचा बोध होत नाही आणि क्वेरी कोसळते. जोशी, पाटील, शेख यांच्या नोंदी वर्षभर सुरळीत बदलतात आणि एके दिवशी डिसोझांची नोंद अडते.

ही अडचण निव्वळ गैरसोयीची असती तर गोष्ट वेगळी होती. पण आडनावाचा उरलेला भाग आज्ञा म्हणून वाचला जात असेल, तर तेथे कोणी मुद्दाम खरीच आज्ञा लिहिली तर काय होईल? १९९८ च्या डिसेंबरमध्ये ‘फ्रॅक’ या इलेक्ट्रॉनिक नियतकालिकात जेफ फॉरिस्टल यांनी ‘रेन फॉरेस्ट पपी’ या टोपणनावाने हीच शक्यता दाखवून दिली. पुढे या प्रकाराला ‘एसक्यूएल इंजेक्शन’ हे नाव पडले. अमेरिकेतील हार्टलँड पेमेंट सिस्टिम्स या कार्डव्यवहार हाताळणाऱ्या कंपनीत शिरकाव करणाऱ्यांनी हाच मार्ग वापरला होता. जानेवारी २००९ मध्ये ती घटना जाहीर झाली. सुमारे १३ कोटी कार्डांचा तपशील चोरल्याचा आरोप त्या प्रकरणात ठेवण्यात आला आणि अल्बर्ट गोन्झालेझ याला मार्च २०१० मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. डिसोझांच्या नोंदीवर क्वेरी कोसळते तेव्हा प्रणालीत हीच फट उघडी आहे हे समजते. पॅरामीटर वापरला की फॉर्ममधील मजकूर शेवटपर्यंत मजकूरच राहतो, त्याची आज्ञा कधीच होत नाही. म्हणून अर्जातून अशी चिन्हे गाळून टाकण्यापेक्षा किंवा लोकांना आडनाव बदलून लिहायला लावण्यापेक्षा पॅरामीटर श्रेयस्कर.

तारखांचे दुखणे अधिक कपटी आहे. अ‍ॅक्सेसच्या एसक्यूएलमध्ये तारीख दोन ‘हॅश’ चिन्हांमध्ये लिहितात आणि ती अमेरिकी पद्धतीने, म्हणजे आधी महिना व मग दिवस अशी वाचली जाते. संगणकाची मांडणी भारतीय असली तरीही. त्यामुळे ०५/०४/२०२४ ही आपली ५ एप्रिल त्या क्वेरीला ४ मे वाटते. मात्र २५/०४/२०२४ असे लिहिले तर पंचविसावा महिना नसल्यामुळे तीच क्वेरी समजूतदारपणे २५ एप्रिल धरते. परिणामी महिन्याच्या १३ तारखेनंतर चाचणी घेतली तर सर्व काही बिनचूक दिसते आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात विलंब आकार भलत्याच सदस्यांना लागतो. तारीख पॅरामीटरमधून द्यावी किंवा वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावी, म्हणजे हा गोंधळ टळतो.

रिकाम्या रकान्यांचाही एक स्वभाव आहे. डेटाबेसमध्ये ‘नल’ म्हणजे शून्य नव्हे, तर ‘माहीत नाही’. माहीत नसलेल्या रकमेला १.१ ने गुणले तरी उत्तर माहीत नाही असेच येते, म्हणून ज्या सदस्याचे शुल्क भरायचेच राहिले होते त्याचे ते वाढत नाही. ‘इमारत अ नसलेले सर्व’ असे म्हटले तर ज्यांच्या नोंदीत इमारत लिहिलेलीच नाही ते सदस्य त्यात येत नाहीत. अ नसलेले आणि अ असलेले यांची बेरीज ८४ भरत नाही, हे पाहून अनेक हिशेबनीस बुचकळ्यात पडतात.

रकमेच्या पूर्णांकाबद्दलही थोडे सांगायला हवे. १९९५ रुपयांवर दहा टक्के वाढवले की २१९४.५० होतात. अ‍ॅक्सेसचे ‘राउंड’ हे फंक्शन बरोबर अर्ध्यावर असलेली रक्कम जवळच्या सम संख्येकडे नेते, म्हणजे येथे २१९४ येतात. २१९५.५० असते तर मात्र २१९६ आले असते. बँकांच्या हिशेबात ही रीत मान्य आहे. वार्षिक सभेत ती समजावून सांगणे सोपे नाही.

दुसऱ्यांदा दाबलेले बटण

शुल्क १.१ ने गुणणारी क्वेरी एकदा चालली की २००० चे २२०० होतात. दोनदा चालली की २४२० होतात. बटणाला आपण एकदा दाबले गेलो होतो हे आठवत नाही. संगणक संथ असेल, पडदा काही क्षण स्तब्ध राहिला असेल, तर माणूस पुन्हा बटण दाबतो. दुसऱ्या दिवशी सुट्टीवरून आलेला सहकारीही ‘काम राहिले असावे’ म्हणून दाबतो.

बटण काम चालू असताना निष्क्रिय करणे हा पहिला उपाय. अ‍ॅक्सेसमध्ये मात्र ज्या बटणावर लक्ष केंद्रित आहे ते त्याच क्षणी निष्क्रिय करता येत नाही. तसे केल्यास २१६४ क्रमांकाची चूक येते. आधी लक्ष दुसऱ्या रकान्याकडे वळवावे लागते. पण सुट्टीवरून आलेल्या सहकाऱ्यावर हा उपाय चालत नाही. त्यासाठी क्वेरीचीच रचना बदलावी लागते. ‘आहे त्यात दहा टक्के वाढव’ असे सांगण्याऐवजी ‘दरपत्रकात या वर्षासाठी जो दर आहे तो लाव’ असे सांगितले, तर बटण दहा वेळा दाबले तरी उत्तर तेच येते. हे शक्य नसेल तेथे केलेल्या कामांचा एक वेगळा तक्ता ठेवावा. कोणत्या महिन्याची आकारणी झाली, कोणी केली, केव्हा केली, किती नोंदी बदलल्या हे त्यात नोंदवावे आणि तोच महिना दुसऱ्यांदा घ्यायला डेटाबेसनेच नकार द्यावा, असे बंधन त्या तक्त्यावर घालावे.

एका बटणामागे अनेकदा दोन-तीन क्वेरी असतात. सदस्याच्या खात्यातून रक्कम वजा करायची, संस्थेच्या खात्यात जमा करायची आणि पावतीची नोंद टाकायची. पहिली झाली आणि वीज गेली, तर पैसे एका खात्यातून निघाले पण दुसऱ्यात पोहोचलेच नाहीत. या प्रश्नाचा पाया घालण्याचे काम प्रामुख्याने जिम ग्रे यांचे. सर्व पायऱ्या पार पडतील किंवा एकही पडणार नाही, अशा बांधलेल्या कामाला ‘ट्रँझॅक्शन’ म्हणतात. १९८३ साली थिओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर यांनी अशा व्यवहाराच्या चार गुणांना ‘अ‍ॅसिड’ हे संक्षिप्त नाव दिले. ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. जानेवारी २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या समुद्रात एकट्याने शिडाची नाव घेऊन गेलेले ग्रे परतले नाहीत. उपग्रहचित्रांच्या साह्याने घेतलेला शोधही निष्फळ ठरला.

अ‍ॅक्सेसमध्ये ‘बिगिन ट्रान्स’, ‘कमिट ट्रान्स’ आणि ‘रोलबॅक’ या तीन आज्ञांनी ही सोय मिळते. तिचा उत्तम उपयोग असा: बदलण्यापूर्वी तीच ‘व्हेअर’ अट लावून नोंदी मोजाव्यात आणि ती संख्या वापरणाऱ्याला दाखवून संमती घ्यावी. संमती मिळाल्यावर व्यवहार सुरू करावा, क्वेरी चालवावी आणि प्रत्यक्ष बदललेल्या नोंदी आधी मोजलेल्या संख्येएवढ्याच आहेत का ते पाहावे. नसतील तर ‘रोलबॅक’. संमतीची चौकट व्यवहार सुरू असताना दाखवू नये, कारण उत्तर देण्याआधी कारकून चहाला गेला तर तेवढा वेळ त्या नोंदी इतर सर्वांसाठी अडून राहतात. मोठ्या तक्त्यांवर आणखी एक मर्यादा आडवी येते. एका फाईलवर एकाच वेळी घेता येणाऱ्या कुलपांची संख्या मुळात ९५०० ठेवलेली असते. ती ओलांडली की ३०५२ क्रमांकाची चूक येते. ही मर्यादा वाढवता येते किंवा काम तुकड्यांत करता येते.

दोन माणसे एकाच वेळी काम करत असतील तर गोष्ट आणखी गुंतते. गोदामात दहा पोती आहेत. एका खिडकीवर तीन विकली गेली, दुसरीवर दोन. दोन्ही फॉर्मनी आधी ‘दहा’ हा आकडा वाचला, आपापली वजाबाकी केली आणि उत्तर लिहिले. शेवटी तक्त्यात सात किंवा आठ उरतात, पाच उरत नाहीत. वजाबाकी फॉर्मवर न करता क्वेरीतच केली, म्हणजे ‘आहे त्यातून तीन वजा कर, पण किमान तीन असतील तरच’ असे सांगितले, की हा प्रमाद घडत नाही. नोंद बदलली नाही, म्हणजे बदललेल्या नोंदींची संख्या शून्य आली, तर माल पुरेसा नव्हता हे त्याच उत्तरावरून कळते.

ब्राउझरमधील बटण

हेच बटण इंटरनेटच्या पानावर गेले की त्याचा दाब दूरवरच्या सर्व्हरपर्यंत पोहोचावा लागतो. त्यासाठी मुख्यतः दोन रीती आहेत, ‘गेट’ आणि ‘पोस्ट’. माहिती केवळ पाहायची असेल तर गेट, काही बदलायचे असेल तर पोस्ट, हा संकेत एचटीटीपीच्या १९९९ च्या प्रमाणपत्रातही स्पष्ट होता. पण बदल करणारी क्वेरी साध्या दुव्यामागे ठेवणे सोपे असल्यामुळे कित्येकांनी तो पाळला नाही. मे २००५ मध्ये गूगलने ‘वेब अ‍ॅक्सलरेटर’ नावाचे साधन आणले. वापरणारा पुढे कोणत्या दुव्यावर जाईल याचा अंदाज घेऊन ते दुवे आधीच उघडून ठेवणे, हे त्याचे काम होते. ‘ही नोंद पुसा’ असे दुवे असलेल्या ‘बेसकॅम्प’सारख्या सेवांमध्ये त्याने इमानेइतबारे तेही दुवे उघडले आणि लोकांच्या नोंदी त्यांनी हात न लावताच नाहीशा होऊ लागल्या. दोष गूगलचा की सेवा लिहिणाऱ्यांचा, यावर तेव्हा बराच वाद झाला. संकेताचा विचार केला तर दुव्यामागे पुसणारी क्वेरी ठेवणाऱ्यांची बाजू लंगडी होती.

पैसे भरताना ‘कृपया बॅक किंवा रिफ्रेश बटण दाबू नका’ ही सूचना प्रत्येकाने वाचली असेल. पोस्ट केलेले पान पुन्हा ताजे केले तर ब्राउझर तोच अर्ज पुन्हा पाठवू शकतो, ही त्यामागची भीती. पण ही सूचना म्हणजे आपले काम ग्राहकावर ढकलणे झाले. अर्ज स्वीकारून क्वेरी चालवल्यावर सर्व्हरने ब्राउझरला लगेच दुसऱ्या, केवळ पाहण्याच्या पानावर पाठवावे, म्हणजे ताजे केले तरी पावतीच पुन्हा दिसते. त्याच्या जोडीला प्रत्येक अर्जाला एकदाच वापरता येणारा क्रमांक दिला, की तोच अर्ज दुसऱ्यांदा आल्यास सर्व्हर तो ओळखून बाजूला ठेवतो.

‘नक्की का?’ या प्रश्नाचे मोल

बटणानंतर येणाऱ्या संमतीच्या चौकटीत काय लिहिले असावे, याचे महागडे उदाहरण न्यूयॉर्कच्या न्यायालयीन नोंदींत आहे. ऑगस्ट २०२० मध्ये सिटी बँकेला ‘रेव्हलॉन’ या प्रसाधन कंपनीच्या कर्जदात्यांना सुमारे ७८ लाख डॉलर व्याजापोटी पाठवायचे होते. त्यासाठी वापरली जाणारी ‘फ्लेक्सक्यूब’ ही प्रणाली मुंबईतच वाढलेल्या आय-फ्लेक्स सोल्युशन्सची निर्मिती, जी पुढे ओरॅकलच्या ताब्यात गेली. मुद्दलाची रक्कम बाहेर न जाता बँकेच्या अंतर्गत खात्यात वळावी, यासाठी फॉर्मवरील तीन रकान्यांत ते खाते लिहिणे आवश्यक होते. प्रत्यक्षात ते एकाच रकान्यात लिहिले गेले. रक्कम भरणारा, ती तपासणारा आणि अंतिम मान्यता देणारा असे तीन जण त्या साखळीत होते. पहिले दोघे भारतातील विप्रोचे कर्मचारी होते, तर तिसरा अधिकारी अमेरिकेत होता. तिघांच्याही मते फॉर्म बरोबर भरला होता. प्रणालीने पैसे बँकेबाहेर जातील असा इशारा दिला, पण किती पैसे, हे त्या चौकटीत नव्हते. व्याज बाहेर जाणारच होते, म्हणून इशारा अपेक्षितच वाटला. सुमारे ८९.४ कोटी डॉलर बाहेर गेले.

त्यांपैकी सुमारे ५० कोटी डॉलर परत करायला काही कर्जदात्यांनी नकार दिला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये जिल्हा न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सप्टेंबर २०२२ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला, तेव्हा कोठे बँकेचा मार्ग मोकळा झाला. गृहनिर्माण संस्थेच्या फॉर्मला एवढ्या वकिलांची गरज पडणार नाही. तरी तेथेही ‘आपली खात्री आहे का?’ या चौकटीपेक्षा ‘ब इमारतीतील ४२ सदस्यांचे शुल्क वाढेल, एकूण मासिक वाढ ८४०० रुपये’ ही चौकट कितीतरी उपयोगी. पहिलीला सवयीने ‘हो’ म्हटले जाते. दुसरीत ४२ च्या जागी ८४ दिसले की बोट थबकते.

परतीची वाट

पूर्ण झालेली अपडेट क्वेरी मागे घेण्याची कळ अ‍ॅक्सेसमध्ये नाही. १.१ ने वाढवलेली रक्कम १.१ ने भागली तर मूळ रक्कम परत येईल असे वाटते, पण मधे पूर्णांक केला असेल तर पैशांचा फरक पडतो. आणि सर्व सदस्यांच्या दूरध्वनी क्रमांकाच्या जागी एकच क्रमांक लिहिला गेला असेल, तर भागायलाही काही उरत नाही. म्हणून बटणाच्या ओळींमध्ये अपडेटच्या आधी भर घालणारी एक क्वेरी ठेवावी, जी बदलणार असलेल्या नोंदींची जुनी मूल्ये, तारीख आणि वापरणाऱ्याचे नाव वेगळ्या तक्त्यात उतरवून घेते. ही क्वेरी आणि अपडेट एकाच व्यवहारात बांधाव्यात. वर्षअखेरीच्या कामापूर्वी संपूर्ण फाईलची प्रत काढून ठेवणे तर अगदीच प्राथमिक. नवी क्वेरी लिहिताना ती आधी केवळ निवड करणारी म्हणून चालवून पाहावी, हव्या त्याच नोंदी येतात याची खात्री करावी आणि मगच तिचे रूपांतर अपडेटमध्ये करावे.

जुनी फाईल नव्या संगणकावर नेल्यावर बटण दाबूनही काहीच होत नाही, ही तक्रार नेहमीची आहे. २००७ च्या आवृत्तीपासून अ‍ॅक्सेस अनोळखी जागेवरील फाईलमधील कोड आणि अ‍ॅक्शन क्वेरी मुळातच रोखून धरतो. खिडकीच्या वरच्या पट्टीवर त्याची एक ओळ दिसते. फाईल ज्या फोल्डरमध्ये आहे तो ‘ट्रस्टेड लोकेशन’ म्हणून नोंदवला की बटण पूर्ववत चालते. ते करण्यापूर्वी मधल्या काळात ते बटण कोणी किती वेळा दाबून पाहिले, हे विचारण्याची गरज नाही. अडवलेली क्वेरी साठून राहत नाही.